इंग्रजी भाषेच्या अभ्यासक्रमात फोनीम, मॉर्फीम, सिंटॅक्स असले शब्द एकदम अंगावर आलेत. सुरुवात कुठून करू?

व्याख्या पाठ करायच्या भानगडीत पडू नका, आधी कान वापरा.

इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाचा 'की' (किल्ली) हा शब्द नीट ऐका. क नंतर श्वासाचा झोत येतो, जवळजवळ ख वाटावा इतका. 'स्की'मध्ये तो झोत नसतो. त्याला विचाराल तर म्हणेल, दोन्ही आवाज एकच! कारण इंग्रजीत या फरकाने अर्थ बदलत नाही. आपल्याकडे 'काल' आणि 'खाल' म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून मराठीत क आणि ख हे दोन फोनीम (स्वनिम, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणारा आवाज), तर इंग्रजीत ती एकाच फोनीमची दोन रूपं, म्हणजे ॲलोफोन. हे मराठी माणसाला चटकन कळतं, हा आपला फायदाच.

फोनीम म्हणजे अक्षर मात्र नव्हे, इथेच बहुतेकांची गल्लत होते. इंग्रजीत अक्षरं 26, पण प्रमाण ब्रिटिश उच्चारात फोनीम साधारण 44 मोजतात.

मॉर्फीम (रूपिम) म्हणजे अर्थ असलेला सर्वांत लहान तुकडा. 'कॅट्स'मध्ये असे दोन: कॅट आणि अनेकवचनाचा स. 'डॉग्ज'मध्ये त्या सचा ज होतो, 'बसेस'मध्ये आणखी वेगळा उच्चार, पण मॉर्फीम तोच.

सिंटॅक्स म्हणजे वाक्यरचना, सिमँटिक्स म्हणजे अर्थविचार. हे दोन्ही सावकाश येतील. प्रॅग्मॅटिक्स, म्हणजे प्रसंगानुसार बोलण्याचा अर्थ कसा लागतो याचा विचार, मजेशीर आहे: कुडकुडत कोणी "खिडकी उघडी आहे का?" विचारलं, तर नुसतं "हो" म्हणून बसून राहत नाही ना आपण?