अडीचशे वर्षांची वीट शाबूत, आमची का झडते?

प्रश्न : सर नमस्कार. मुलगी न्यू जर्सीला असते, तिच्याकडं गेलो तेव्हा वेन गावातलं डे मॅन्शन बघितलं, तिथं म्हणे जनरल वॉशिंग्टनचं हेडक्वार्टर होतं. विटा अजून खणखणीत! आणि शिवाजी पेठेतलं आमच्या आजोबांचं घर बघा, विटांचे पापुद्रे निघाय लागलेत, ते पण विटांमधल्या दरजा (सांधे) सिमेंटनं भरून घेतल्यावर. आता सरळ सिमेंटचा गिलावाच मारू काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काका, गिलावा अजिबात नको. सिमेंट भरलं म्हणूनच पापुद्रे निघाय लागलेत.

ते घर कर्नल थ्युनिस डे यांचं, १७८० च्या जुलैत आणि परत ऑक्टोबर-नोव्हेंबरात वॉशिंग्टनचा मुक्काम तिथं होता. १९३० च्या दशकात त्याची मोठी दुरुस्ती झालीय, त्यामुळं अगदी हात न लावता टिकलंय असं पण नाही. पण मूळ बांधकाम चुन्यातलं, कारण पोर्टलँड सिमेंटचं पेटंटच मुळात १८२४ चं.

चुना विटेपेक्षा मऊ असतो आणि त्यातनं ओल बाहेर पडते, म्हणजे पावसात भिंत भिजली तरी पाणी दरजेतनं उडून जातं, आणि झिजलाच तर चुना झिजतो, तो परत भरता येतो. सिमेंटची दरज टणक, ती पाणी अडवून धरते, मग ओल विटेतनं वाट काढते, येताना क्षार घेऊन येते आणि ते विटेच्या तोंडाशी साठून फुगतात की पापुद्रा सुटला. आपण लोणा लागला म्हणतो तो हाच. वरनं प्लॅस्टिक पेंट मारला असेल तर विचारूच नका.

आधी कौलं, पन्हाळ आणि भिंतीच्या बुडाशी साचणारं पाणी बघा, ते तसंच राहिलं तर बाकी सगळा खर्च वाया. मग सिमेंट छिन्नीनं हळूहळू काढा, ग्राइंडर लावला की विटेच्या कडा गेल्याच म्हणून समजा. दरज इंचभर खोल मोकळी करून धुवायची, भिंत ओली असतानाच मुरवलेला चुना आणि तिप्पट चाळलेली वाळू दाबून भरायची, वर ओलं गोणपाट. चुन्यात काम केलेला गवंडी मिळाला तरच करा, नाहीतर "थोडं सिमेंट टाकूया की मालक" सुरू होतंय. आणि पावसाळ्यात काढू नका, दिवाळीनंतर सुरू करा.