मोठ्या फरशीसाठी ठेव मोडावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरामागच्या 20 चौरस मीटर पॅटिओला, म्हणजे बसण्याच्या मोकळ्या अंगणाला, 60 बाय 60 सेंटिमीटरचे, 5 सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट पेव्हर, म्हणजे मोठ्या फरश्या, बसवायचे आहेत. एक कंत्राटदार आहे त्या मातीवर वाळू पसरून स्वस्तात करून देतो. दुसरा खोदाई करून खडीचा थर देणार, पण त्यासाठी अडीअडचणीची ठेव मोडून वर 3 वर्षांचं वैयक्तिक कर्ज काढावं लागेल.

कर्ज नको. 15 टक्के दर धरला तर 100 च्या कामाचे हप्त्यांतून जवळजवळ 125 जातात. ठेवीला तर हातही लावू नका, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असलाच पाहिजे. घर विकताना पॅटिओचे पैसे वसूल होतील हा हिशेबही मनातून काढा. हा हौसेचा खर्च आहे. हौसेला माझा विरोध नाही, ती उसनवारीवर नको इतकंच.

म्हणून स्वस्तातलं काम घ्यायचं का? तेही नाही. छोटा ब्लॉक जरा खचला तर खपून जातो. मोठी फरशी एका कोपऱ्याखाली पोकळ राहिली की डुगडुगते आणि कडेला ठेच लागते. एकेक फरशी भरते 41 किलोच्या आसपास. ती उचलून पुन्हा बसवायची म्हणजे मजुरी दुसऱ्यांदा. खाली 10 ते 15 सेंटिमीटर खडी थराथराने दाबलेली हवी, वर साधारण अडीच-तीन सेंटिमीटर वाळू, आणि घरापासून दूर मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर ढाळ.

पैसे कमी आहेत ना, मग क्षेत्र कमी करा, खोदाईची खोली कमी करू नका. आत्ता घरालगतचं 10 चौरस मीटर करा: 28 फरश्या, वर तुटफुटीच्या तीन. खर्च मात्र बरोबर निम्मा होणार नाही, कारण यंत्राचं भाडं आणि वाहतूक फारशी घटत नाही. उरलेलं पुढे बचतीतून. तेव्हा रंगाची छटा थोडी वेगळी येऊ शकते. ते खटकणार असेल तर मधे खडीचा पट्टा सोडा.

अंदाजपत्रकात खडीच्या थराची जाडी आणि मातीची विल्हेवाट लिहून घ्या. पूर्ण 20 चौरस मीटरला 23 सेंटिमीटर खोदलं तरी साडेचार घनमीटरहून जास्त माती निघते, आणि ती हलवण्याचीच रक्कम बहुतेकदा शेवटी 'जादा काम' म्हणून पुढे येते. दुसरा हप्ता दाबलेली खडी स्वतः मोजल्यावरच द्या, फरशी पडल्यावर खालचं काही दिसत नाही. दहा टक्के रक्कम पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत राखून ठेवा, आणि ही अट करारातच घाला.