मदर्स डेची खोकी आणि आईची चटणी

प्रश्न : आई कोल्हापुरात माझ्याजवळ राहते, धाकटा भाऊ पुण्याला आणि बहीण बेंगळुरूला असते. दरवर्षी मदर्स डेला त्या दोघांनी ऑनलाइन मागवलेल्या वस्तू घरी येतात आणि आईच्या हातात खोके देऊन काढलेला फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावा लागतो. यंदाचा एअर फ्रायर न उघडताच माळ्यावर गेला. आई फक्त 'कशाला एवढा खर्च?' म्हणते. हे बंद करा, असे भावंडांना सांगावे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बंद करा, असे सांगू नका, जवळ राहणाऱ्याने लांब राहणाऱ्यांना केलेला उपदेश लागतो. तुमची तक्रार मात्र रास्त आहे आणि ती सर्वांत कडवटपणे केली होती हा दिवस सुरू करणाऱ्या बाईंनीच. अमेरिकेतल्या अॅना जार्विस यांनी आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ १९०८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन येथील चर्चमध्ये मातृदिन घडवून आणला, आईला आवडणारी पांढरी कार्नेशनची फुले तिथे पाठवली आणि पुढे १९१४ मध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मे महिन्यातला दुसरा रविवार त्यासाठी जाहीर केला. फुलवाले, मिठाईवाले आणि भेटकार्डे छापणारे यांनी दिवसाचा ताबा घेतल्यावर मात्र याच बाई त्यांच्याशी उरलेले आयुष्यभर भांडत राहिल्या. छापील कार्ड पाठवणाऱ्याला आईसाठी चार ओळी लिहिण्याचाही कंटाळा असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्या दसऱ्याचे पाहा. दसरा चौकात सोने लुटून झाल्यावर आपण आपट्याची पाने घेऊन घरोघरी जातो, तेव्हा कोणाच्या पानाला किती पैसे पडले हे कोणी विचारत नाही. पान हातात ठेवून वाकायला माणूस दारात आला, हीच भेट असते. (हल्ली आपट्याच्या नावावर कांचनाची पाने खपवतात, तो बाजार वेगळा.) खोके येते तेव्हा नेमके हे येणेच गळून पडते. तुमच्या भावंडांना आईची आठवण नाही असे मुळीच नाही. येता येत नाही याची रुखरुख त्यांना असणार आणि ती फेडण्याचा सर्वांत सोपा मार्ग मोबाइलवर सापडतो.

तेव्हा त्यांना दुसरे काही मागा. उन्हाळ्यात तुमच्याकडे वर्षाची कांदा-लसूण चटणी होत असेलच. संकेश्वरी मिरचीची देठे काढणे, ती उन्हात वाळवणे, कांदा-खोबरे भाजताना घरभर ठसका उठणे आणि शेवटी सगळे कांडपाला नेणे, हे आईला आता एकटीने झेपत नसेल. बहिणीने त्या दोन दिवसांसाठी यावे. भावाला सुट्टी मिळत नसेल, तर आईचे 'अंदाजाने' असलेले प्रमाण त्याने फोनवर एकेक जिन्नस विचारून लिहून घ्यावे. त्या निमित्ताने तासभर बोलणे होईल.

आता थोडे तुमच्याबद्दल. 'कशाला एवढा खर्च?' हे वाक्य त्या पिढीच्या तोंडी प्रत्येक भेटीला येते, त्यावरून तिला वस्तू नकोच असे ठरवू नका. कदाचित इंग्रजीतली बारीक अक्षरांची माहितीपत्रिका तिला वाचता येत नसेल. यंत्र खाली काढून एका रविवारी तुम्हीच तिला सांडगे-पापड भाजून दाखवा. नंतर तिला वस्तू खरोखर नको असल्याचे दिसले, तर तो विषय ग्रुपवर न काढता दिवाळीत सगळे एकत्र जमाल तेव्हा काढा, आणि तो आईलाच बोलू द्या.