वडिलांना रात्री सिस्टरने डॉक्टरांना फोनवर विचारून इंजेक्शन दिलं. असं चालतं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, गंगापूर रोडला एका खाजगी हॉस्पिटलात ते ॲडमिट आहेत. रात्री अडीचला दुखायला लागलं, उलट्याही झाल्या. डॉक्टर आले नाहीत. सिस्टरने फोन लावला, औषधाचं नाव आणि आकडा दोनदा मोठ्याने म्हटला, एकदा स्पेलिंग विचारलं आणि मग इंजेक्शन दिलं. तिला ते औषध माहीतच नव्हतं की काय, अशी तुमची शंका आहे.

मी नाशिकमध्येच नर्सिंग शिकले, इथेच नोकरी करते, सध्या एका वॉर्डची इन्चार्ज आहे. त्यामुळे आधी त्या शंकेचंच उत्तर देते. तिने अगदी बरोबर केलं. ती नुसतं "हो सर, हो सर" म्हणून फोन ठेवून मोकळी झाली असती, तर मला तुमच्या वडिलांची काळजी वाटली असती.

फोनवरून ऑर्डर घेणं चालतं का? चालतं, पण अटींवर. आपल्याकडचे बहुतेक मोठे डॉक्टर एका जागी नसतात. सकाळी मुंबई नाक्याला ओपीडी, दुपारी इंदिरानगरला ऑपरेशन, संध्याकाळी नाशिकरोडला राउंड. रात्री वॉर्डात आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर, आणि सिस्टर. दर वेळी सर्जननी घरून उठून यायचं म्हटलं तर पेशंटने तासभर कळ सोसायची. म्हणून हॉस्पिटलांच्या मान्यतेच्या एनएबीएच मानकांनीही तोंडी ऑर्डरला मनाई केलेली नाही. ती कोणी द्यायची, कोणी घ्यायची, कशी नोंदवायची याचं लेखी धोरण हॉस्पिटलकडे असलं पाहिजे आणि ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरांनी २४ तासांच्या आत त्यावर सही केली पाहिजे, असं ती सांगतात.

खरं काम फोन लावण्याआधी सुरू होतं, आणि ते नातेवाइकांना दिसत नाही. तुम्हाला वाटलं असेल, वडील तळमळतायत आणि ही फाइल काय चाळत बसलीय? ती बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन बघत होती. लघवी किती झाली, पोट फुगलंय का, टाक्यांच्या जागी ड्रेसिंग भिजलंय का, आधीचं दुखण्याचं इंजेक्शन किती वाजता झालं, कशाची ॲलर्जी लिहिलीय का, हे सगळं हाताशी ठेवून मग फोन लावायचा असतो. मी माझ्या वॉर्डातल्या नर्स मुलींना सांगते, सर झोपेतून उठलेत, त्यांच्यासमोर पेशंट नाही, त्यांना जे दिसणार ते तुझ्या तोंडून. "सर, बेड नंबर नऊचे पेशंट दुखतंय म्हणतायत" एवढंच सांगितलं तर उत्तरही तसंच येणार: "एक ट्रामाडॉल दे." आणि ट्रामाडॉल या दुखण्याच्या औषधाने उलट्या वाढू शकतात. पण "सर, मी सर्जिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय, पेशंटचं पूर्ण नाव अमुक, वय ६२, आज सकाळी हर्नियाचं ऑपरेशन, आता पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्या, बीपी १३०/८०, नाडी ९६, पोट मऊ आहे, लघवी झालीय" असं सांगितलं की डॉक्टर वेगळा विचार करतात. आधी आत्ता काय घडतंय, मग मागची हकीकत, मग तपासल्यावर काय दिसलं, शेवटी मला काय हवंय. हा क्रम अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून तिकडच्या हॉस्पिटलांत आला आणि आता आपल्याकडेही शिकवतात. चौथी गोष्ट आपल्या मुलींना सर्वांत जड जाते. "सर, तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं" हे वाक्य उच्चारायला धीर लागतो. नाडी १३० असेल, पोट कडक लागत असेल, तर फोनवर औषध मागायचंच नाही, सरांना बोलवायचं.

मग ऑर्डर येते. ती ऐकता ऐकता कागदावर उतरवायची, हातावर किंवा ग्लोव्हच्या खोक्यावर नाही. मग कागदावरचं डॉक्टरांना वाचून दाखवायचं आणि त्यांच्या तोंडून "बरोबर" असं ऐकायचं. लक्षात ठेवलेलं परत म्हणणं वेगळं आणि लिहिलेलं वाचणं वेगळं. लिहिताना चूक झाली असेल तर ती वाचतानाच सापडते. तुम्ही जे दोनदा ऐकलंत ते हेच.

स्पेलिंग का विचारलं, तेही सांगते. सेफोटॅक्झिम, सेफ्ट्रायक्झोन, सेफ्टाझिडिम, सेफुरोक्झिम ही चार अँटिबायोटिक्स रेंज गेलेल्या फोनवर ऐकून बघा. डोपामिन आणि डोब्युटामिन, किंवा बीपीचं ॲम्लोडिपिन आणि हृदयाच्या ठोक्यांचं ॲमिओडॅरोन. द्वारका चौकात हॉर्न वाजत असताना गाडीतून बोलणारे डॉक्टर यातलं काय म्हणाले, हे अंदाजाने ठरवायचं नसतं.

आकड्यांचं तर त्याहून नाजूक. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी, मराठीत सात आणि साठ. सिरिंज पंपावर, म्हणजे औषध हळूहळू शिरेत सोडणाऱ्या यंत्रावर, ताशी सात मिली आणि ताशी साठ मिली यात पेशंटचा जीव जाऊ शकतो. एका हॉस्पिटलात माझ्यासमोर एका ज्युनियर मुलीने सरांना विचारलं होतं, "सर, सहा-शून्य, की नुसता सात?" सर चिडले, म्हणाले, "साठ कसा असेल?" पण त्यांनी "सात" हे नीट सांगितलं आणि तिने नीट लिहिलं. चिडू देत. शिवाय आपल्या वॉर्डांत केरळच्या सिस्टर असतात, हिंदीत बोलणारे आरएमओ असतात, एका वाक्यात तीन भाषा येतात. म्हणून आकडा सुटा सुटा म्हणायचा: वन-फाइव्ह, फाइव्ह-झीरो. दशांश असेल तर आधीचं शून्य म्हणायचं आणि लिहायचंही, म्हणजे .५ नाही, ०.५. आणि ५ मिलीग्रॅम कधीच ५.० असं लिहायचं नाही, घाईत ते ५० वाचलं जातं.

"एक ॲम्प्यूल द्या", म्हणजे औषधाची एक काचेची कुपी, ही ऑर्डर मी घेत नाही. ट्रामाडॉलचं ॲम्प्यूल ५० मिलीग्रॅमचंही मिळतं आणि १०० चंही. किती मिलीग्रॅम, शिरेतून की कमरेत, किती वेळात, एकदाच की दुखलं तर परत, हे सगळं विचारायचं. इन्सुलिनला तर आणखी एक पायरी. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीची बाटली मिळते आणि १०० चीही, सिरिंज वेगळ्या, एकीचं झाकण लाल, दुसरीचं केशरी. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो. त्यामुळे युनिट नीट ऐकले एवढ्यावर भागत नाही, दुसऱ्या सिस्टरने बाटली आणि सिरिंज दोन्ही बघायची.

काही गोष्टी फोनवर घ्यायच्याच नाहीत. केमोथेरपी सुरू करायची ऑर्डर आमच्याकडे लेखीच लागते, थांबवायची फोनवर चालते. मॉर्फिनसारख्या औषधाला लेखी चिठ्ठी आणि रजिस्टर. पोटॅशियम क्लोराइडचं ॲम्प्यूल थेट शिरेत सोडायला कोणी, कितीही मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, तरी द्यायचं नाही. त्याने हृदय थांबतं. आणि डॉक्टर समोर उभे असतील, फाइल टेबलावर असेल, तर तोंडी ऑर्डरला काही कारणच नाही. मी पेन पुढे करते. "सर, एवढं लिहून द्या ना." बहुतेक डॉक्टर लिहितात.

हृदय बंद पडलेल्या पेशंटभोवती मात्र लिहायला कोणाला सवड नसते. तिथे डॉक्टर म्हणतात "ॲड्रेनलिन एक मिलीग्रॅम", देणारी सिस्टर तेच मोठ्याने म्हणते आणि दिल्यावर "दिलं" म्हणते. एक जण फक्त वेळ आणि औषध टिपत उभी असते. रिकामी ॲम्प्यूल्स ट्रेमध्येच ठेवायची, नंतर मोजून कागदाशी जुळवायची.

व्हॉट्सॲपचं हल्ली फार झालंय. औषधाचं नाव लेखी येतं हे खरं, पण "नऊ नंबरला कालचं चालू ठेवा" असा मेसेज मी ऑर्डर मानत नाही. रात्रीत बेड बदलतात. मेसेज खोडताही येतो. पेशंटच्या नावासकट परत विचारायचं, फाइलमध्ये उतरवायचं आणि त्यावरही सही घ्यायची.

आता तुमच्या बाजूने होणारी एक गोष्ट. नाशिक तसं ओळखीचं गाव. बऱ्याच घरांत डॉक्टरांचा पर्सनल नंबर असतो. नातेवाईक परस्पर फोन लावतात आणि सिस्टरकडे येऊन सांगतात, "सरांशी बोललोय मी, ते म्हणाले ते इंजेक्शन द्या." सिस्टरने नाही म्हटलं की आवाज चढतो. पण तिला नाहीच म्हणावं लागतं. नातेवाइकाकडून, ओपीडीतल्या रिसेप्शनिस्टकडून, सरांच्या ड्रायव्हरकडून आलेली ऑर्डर ही ऑर्डर नसते. सुरगाण्याहून, पेठहून आलेली माणसं रात्रभर कॉरिडॉरमध्ये जागी असतात, त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो, हे मला कळतं. तरीही तुम्ही सरांशी बोलत असाल तर फोन सिस्टरच्या हातात द्या, ती स्वतः ऐकेल. आणि ती फोनवर असताना तिला मध्येच हाक मारू नका. वडील रक्त पातळ करायची गोळी घेतात, एखाद्या औषधाने अंगावर पुरळ येतं, असं काही असेल तर ते फोन लागण्याआधी सांगा.

डॉक्टर फोन उचलत नसतील तर आरएमओ, मग दुसरे सर्जन, मग मेट्रन (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख) किंवा मेडिकल सुपरिंटेंडंट, असं वर वर जायचं. डोस पटत नसेल तर सिस्टर तो थांबवू शकते, तिने थांबवलाच पाहिजे. "सर, ही मात्रा नेहमीपेक्षा जास्त वाटतेय, मी परत वाचू का?" एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं. न झाल्यास इन्चार्जला उठवायचं. मला असे रात्रीचे फोन येतात आणि आले की मला बरं वाटतं.

तुम्ही काय करायचं? उद्या राउंड झाल्यावर इन्चार्ज सिस्टरना शांतपणे विचारा की रात्री कोणतं औषध, किती, कशासाठी दिलं आणि त्या ऑर्डरवर डॉक्टरांची सही झाली का. कागदावर तारीख, वेळ, औषध, मात्रा, कुठून दिलं, फोनवर कोण होतं, वाचून दाखवल्याची नोंद आणि सिस्टरची सही एवढं असायला हवं. खाडाखोड असेल तर एकाच रेघेने खोडलेलं आणि बाजूला सही. त्या सांगायला टाळाटाळ करू लागल्या तर केसपेपरच्या प्रतीसाठी लेखी अर्ज द्या. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. पण बहुधा तशी वेळ येणार नाही. रात्री स्पेलिंग विचारणाऱ्या सिस्टरने नोंदही नीटच केलेली असते.