कॉलेजातच अर्धवेळ काम करायचं तर लॅब घ्यावी की लायब्ररी?

तू फोंड्याला सॉफ्टवेअरचं शिकतोयस, दुसरं वर्ष. वर्ग सुटल्यावर कॉलेजातच काम मिळतंय, आणि लॅबमध्ये ‘निदान आपल्या विषयाचं’ काही असेल असं तुला वाटतंय. मी विद्यार्थिनी असताना दोन्ही केलंय. लायब्ररी घे.

लॅबचं काम म्हणजे विसरलेले पासवर्ड बदलून देणं, प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी तीस मशिनांवर तेच सॉफ्टवेअर टाकणं आणि पावसात वीज गेली की ओरडणारे यूपीएस एकेक करून गप्प करणं. पंधरा दिवस मजा येते.

लायब्ररीत मी गेले ती पुस्तकांना बारकोड चिकटवायला. तिथे ‘कोहा’ होतं. न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं, २००० पासून वापरात असलेलं हे ग्रंथालयाच्या कामाचं मुक्त सॉफ्टवेअर. आपल्याकडेही बऱ्याच ग्रंथालयांत आहे. त्यात अहवालासाठी आपण स्वतः एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेत, लिहू शकतो, हे कळलं तेव्हा हात शिवशिवले.

चवथीच्या सुट्टीआधी ग्रंथपाल मॅडमनी विचारलं, वर्षभरात सगळ्यात जास्त कुठली पुस्तकं गेली? मी दिलेल्या पुस्तकांच्या नोंदींचं ‘इश्यूज’ टेबल घेतलं, पुस्तकावर ग्रुप केलं, मोजलं, छापलं आणि ऐटीत त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला. “ही यादी चुकलीय गो. डेटा स्ट्रक्चर्सचं ते निळं पुस्तक रोज माझ्या हातातून जातं, ते कुठाय हिच्यात?”

एसक्यूएलशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मी मात्र कॉम्प्युटर चुकत नाही म्हणून हुज्जत घातली. मग गुपचूप टेबलं उघडून बघितली. पुस्तक परत आलं की कोहा ती नोंद ‘इश्यूज’मधून उचलून ‘ओल्ड इश्यूज’मध्ये टाकतं. म्हणजे माझ्या यादीत होती फक्त त्या दिवशी बाहेर असलेली पुस्तकं! जे वेळेवर परत येतं ते गायब, जे कुणीतरी दडपून बसलंय ते वर. दोन्ही टेबलं ‘युनियन ऑल’ने जोडली, तर निळं पुस्तक पहिल्या नंबरावर. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘तुझ्या हातून झालेली एखादी चूक सांग’ म्हटलं, तेव्हा प्रोजेक्ट बाजूला ठेवून मी हेच सांगितलं.

पैशांवर मात्र फार भिस्त ठेवू नकोस. हजेरीपत्रकावर दर महिन्याला सही करायचे, पैसे आले मार्चअखेरीस, सगळे एकदम. तोवर बसभाडं बाबांकडूनच. तास आठवड्याला दहाच्या वर नेऊ नकोस, आणि हॉस्टेलवर राहत नसशील तर शेवटची बस बघूनच संध्याकाळची पाळी घे. मला वाळपईला जायचं असायचं. एकदा ती चुकली आणि मामाला स्कूटर घेऊन यावं लागलं, त्याची बोलणी अजून ऐकतेय.

पहिल्याच दिवशी एसक्यूएलचं नाव काढू नकोस. महिनाभर मुकाट बारकोड चिकटव, मग फक्त अहवालापुरती परवानगी माग. तिथे ‘सिलेक्ट’च, म्हणजे नुसती माहिती काढून बघणंच चालतं, पुसलं काही जात नाही, हेही मॅडमना सांग, त्यांना खरी धास्ती त्याचीच असते. आणि कोण काय वाचतं ते तुला सगळं दिसेल. कॅन्टीनमध्ये त्यातलं अवाक्षर काढू नकोस.