रंगकाम झालेली जुनी मिनी सुरू होत नाही: सुटे भाग बदलण्यापूर्वी काय मोजावे

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: १९७०च्या दशकातील ९९८ सीसीची मिनी (छोटी ब्रिटिश मोटार) आपण पूर्ण उघडली, बॉडी आणि सबफ्रेम (इंजिन व चाके धरणारे सांगाडे) रंगवल्या, इंजिन बांधले आणि सगळे पुन्हा जोडले. आता चावी फिरवल्यावर कधी नुसता ‘टक्’ असा आवाज येतो, तर कधी इंजिन जडपणे फिरते. थंड असताना बऱ्याच प्रयत्नांनी गाडी सुरू होते, पण गरम झाली की बंद पडते आणि पूर्ण थंड होईपर्यंत पुन्हा लागत नाही. बॅटरी, सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) आणि कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग) नवे घालूनही फरक पडलेला नाही. पुढे कोणता भाग बदलावा, असे आपण विचारले आहे.

तूर्त कोणताही भाग बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज चालणाऱ्या गाडीत बिघाड झिजेतून होतो. नुकत्याच बांधलेल्या गाडीत मात्र तो बहुतेक वेळा आपण हात लावलेल्या ठिकाणी, म्हणजे रंगवलेल्या पृष्ठभागावर, पुन्हा जोडलेल्या वायरीत किंवा नव्याने घातलेल्या भागात असतो. आपल्या वर्णनात दोन स्वतंत्र दोष दिसतात: इंजिन जड फिरणे हा एक आणि गरम झाल्यावर ठिणगी जाणे हा दुसरा. त्यांचा शोध एकत्र घेऊ नये. पहिला दोष आधी दूर करावा, कारण सेल्फ फिरताना व्होल्टेज फार खाली गेले तर कॉइललाही पुरेसा दाब (म्हणजे व्होल्टेज) मिळत नाही आणि दुसऱ्या दोषाची तपासणी फसवी ठरते.

सुरुवात बॅटरीपासून करावी. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर विश्रांतीच्या अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. कॉइलची डिस्ट्रिब्युटरकडे (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाकडे) जाणारी बारीक वायर काढून ठेवावी, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून सहकाऱ्याला चावी फिरवायला सांगावे. सेल्फ फिरत असताना बॅटरीवरचे व्होल्टेज १० च्या आसपास किंवा वर राहिले आणि तरीही इंजिन रखडत असेल, तर बॅटरी निर्दोष आहे आणि दाब वाटेत कुठेतरी हरवतो आहे.

हा दाब नेमका कुठे हरवतो, हे मल्टिमीटर काही मिनिटांत दाखवतो. मिनीची बॅटरी डिकीत असते आणि तिची जाड केबल गाडीच्या तळाखालून पुढे येते, त्यामुळे तपासणीसाठी मीटरला लांब वायर जोडावी लागेल. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर ठेवावे. क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर, कारण क्लॅम्प आणि खांब यांच्यातला गंजही मोजमापात यायला हवा. दुसरे टोक सेल्फच्या टर्मिनलवर ठेवून सेल्फ फिरवावा. येथे साधारण ०.५ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दोष केबल, तिची टोके किंवा सोलेनॉइड (सेल्फचा प्रवाह जोडणारा विद्युत स्विच) यांत आहे. नंतर हेच मोजमाप निगेटिव्ह खांब आणि इंजिन ब्लॉकचा उघडा धातू यांच्यामध्ये करावे. तेथे फरक ०.३ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. सेल्फ फिरत असतानाचेच आकडे ग्राह्य धरावेत. मीटरने वायर नुसती जोडलेली आहे की नाही हे पाहण्याचा येथे उपयोग नाही, कारण केबलचा एकच तंतू शाबूत असला तरी ती चाचणी उत्तीर्ण होते, पण शंभराहून अधिक अँपिअरचा भार त्या तंतूला पेलत नाही.

दोष या दुसऱ्या मोजमापात सापडेल, असा माझा अंदाज आहे. मिनीत विद्युतप्रवाह बॉडीतून परत जातो, इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेले असते. ब्लॉक आणि बॉडी यांना जोडणारा एकमेव भरवशाचा दुवा म्हणजे विणलेल्या तांब्याची अर्थ पट्टी. गाडी उघडताना ती हमखास बाजूला पडते, आणि परत बसवली तरी बोल्टखाली नवा रंग किंवा पावडर कोटिंग असते. हे दोन्ही विद्युतरोधक आहेत. रंग जितका उत्तम, तितके अर्थिंग वाईट. पट्टी नसेल तर प्रवाह चोक आणि ॲक्सिलरेटर यांच्या केबलींमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यानंतर चोकची केबल गरम लागत असेल, तर निदान तेथेच झाले असे समजावे. खात्रीसाठी जंपर केबलचे एक टोक ब्लॉकवर आणि दुसरे बॉडीच्या उघड्या धातूवर लावावे. सेल्फ लगेच जोमाने फिरू लागला तर पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा आणि डिकीत बॅटरीची निगेटिव्ह केबल जेथे बॉडीला जोडली आहे तेथला रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावा, बोल्ट आवळावा आणि मगच त्यावर ग्रीस किंवा रंगाचा हात द्यावा.

येथे एक सावधगिरी सांगतो. १९६९ पूर्वीच्या मिनीत पॉझिटिव्ह अर्थ असे. आपली गाडी नंतरची असल्याने निगेटिव्ह अर्थ असायला हवी, परंतु जुन्या गाड्यांत अनेक हातांनी बदल केलेले असतात, म्हणून वायरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीचा कोणता खांब बॉडीला जोडला आहे ते स्वतः पाहून घ्यावे.

सेल्फ नीट फिरू लागल्यावर ठिणगीकडे वळावे. गरम झाल्यावर बंद पडणे आणि थंड झाल्यावर पुन्हा लागणे, या लक्षणाचा पहिला संशयित कंडेन्सर (डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा भाग) आहे, आणि तो नवा असला तरी त्याला संशयातून वगळू नये. सध्या मिळणाऱ्या कंडेन्सरांचा दर्जा फार असमान आहे, आणि जुना मूळ भाग कित्येकदा नव्यापेक्षा अधिक विश्वासार्ह निघतो. म्हणूनच गाडी पूर्ण तयार होईपर्यंत काढलेला एकही भाग टाकून देऊ नये, असा माझा आग्रह असतो. गाडी बंद पडताक्षणी, इंजिन गरम असतानाच तपासणी करावी. चावी चालू ठेवून आणि पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधील उघडझाप करणारे संपर्क) मिटलेले असताना ते विद्युतरोधक दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरने उघडावेत आणि कॉइलची मधली जाड वायर ब्लॉकपासून सुमारे ६ मिमी अंतरावर धरावी. ती उघड्या हाताने न धरता विद्युतरोधक पकडीने धरावी आणि जवळपास पेट्रोलची गळती नाही हे आधी पाहावे. निळसर, टणत्कार करणारी ठिणगी पडली तर कॉइल आणि कंडेन्सर ठीक आहेत. पिवळी, मरगळलेली ठिणगी आणि पॉइंटवर मोठी चमक दिसली तर कंडेन्सर बदलावा.

येथे ठिणगी चांगली आहे पण प्लगवर नाही, असे आढळल्यास रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून ठिणगी एकेका प्लगकडे पाठवणारा भाग) तपासावा. रोटरमधील रिव्हेट आतल्या बाजूने स्पिंडलच्या फार जवळ आला असेल तर ठिणगी प्लगकडे न जाता त्याच वाटेने अर्थ होते. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून तीच जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीजवळ धरावी आणि पॉइंट उघडावेत. तेथे ठिणगी पडली तर रोटर निकामी आहे. डोळ्यांनी हा दोष दिसत नाही, त्यामुळे लोक त्याच्यावरून पुढे जातात आणि कार्ब्युरेटर उघडून बसतात.

पॉइंट बसवताना होणारी चूकही लक्षात घ्यावी. कॉइलकडून येणारी वायर आणि कंडेन्सरची वायर या दोन्हींचा संबंध पॉइंटच्या स्प्रिंगशी हवा आणि त्यांना खांबापासून वेगळे ठेवणारा प्लास्टिकचा वॉशर योग्य क्रमाने हवा. क्रम चुकला तर पॉइंट कायमचे अर्थ होतात आणि ठिणगी मुळीच पडत नाही. पॉइंटमधील अंतर ०.३८ मिमीच्या आसपास, प्लगमधील ०.६४ मिमी आणि टॅपेटमधील (व्हॉल्व्ह आणि तो उघडणारा भाग यांच्यातील) फट इंजिन थंड असताना ०.३० मिमी ठेवावी. नव्या पॉइंटवर संरक्षक तेलाचा थर असतो, तो पुसून काढावा. बेसप्लेट आणि डिस्ट्रिब्युटरची बॉडी जोडणारी बारीक अर्थ वायर तुटलेली नाही हेही पाहावे.

कॉइल आपण बदलली आहे, म्हणून तिचा रोध मोजणे आवश्यक आहे. वायरिंगमध्ये बॅलास्ट रोध (कॉइलकडे जाणारे व्होल्टेज कमी करणारा रोध) असेल तर कॉइल सुमारे १.५ ओहमची हवी, नसेल तर सुमारे ३ ओहमची. बॅलास्ट नसलेल्या वायरिंगवर १.५ ओहमची कॉइल लावली तर ती अतिशय तापते, पॉइंट जळतात आणि गरम झाल्यावर गाडी बंद पडते. हे आपल्या लक्षणाशी तंतोतंत जुळते, म्हणून कंडेन्सरइतकाच संशय मी या जोडीवर घेईन. उलट, सेल्फ फिरत असताना इंजिन पेट घेते आणि चावी सोडताच बंद पडते, असे घडत असेल तर बॅलास्टची वायर तुटलेली असण्याची शक्यता मोठी आहे, कारण सेल्फ फिरताना कॉइलला सोलेनॉइडकडून थेट पुरवठा मिळत असतो.

टायमिंगबद्दल, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडते याबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण गाडी थंड असताना सुरू होते त्या अर्थी ते फार चुकलेले नसावे. फायरिंगचा (सिलिंडर पेटण्याचा) क्रम १-३-४-२ आहे आणि रोटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. टायमिंग गरजेपेक्षा पुढे असेल तर गरम इंजिन सेल्फला उलटा धक्का देते आणि तो जड फिरल्यासारखा वाटतो, म्हणून अर्थिंग सुधारल्यावरही गरम असताना जडपणा उरला तर टायमिंग लाइटने तपासावे.

पेट्रोलचा संशय शेवटी घ्यावा. बंद पडल्यावर लगेच एक प्लग काढून पाहावा: तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, ओला आणि काळा असेल तर पेट्रोल आहे पण ते पेटत नाही. कोरडा आढळल्यास टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र रंगाने बुजले आहे का, ते झाकण सैल करून पाहावे. एसयू कार्ब्युरेटरचा पिस्टन बोटाने उचलून सोडला की ‘ठक्’ असा आवाज करून खाली बसला पाहिजे आणि चोक ओढल्यावर जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) खाली सरकताना डोळ्यांना दिसला पाहिजे.

अर्थ बाजूचे आणि पॉझिटिव्ह बाजूचे व्होल्टेज, कॉइलचा रोध आणि इंजिन गरम असताना दिसलेल्या ठिणगीचा रंग, एवढ्या चार गोष्टी कळवाव्यात. कॉइलच्या पुरवठ्याच्या वायरवर, पॉइंट मिटलेले आणि चावी चालू असताना, किती व्होल्ट मिळतात हेही लिहिले तर बॅलास्ट आहे की नाही ते निश्चित सांगता येईल.