अडलीस तिथून शिकायला लाग
अगं, फिजिओथेरपिस्टची नोकरी लागल्या लागल्या कोर्सच्या सर्टिफिकेटांमागे धावू नकोस. कोर्सचे क्रेडिट पॉइंट भरतील, हातातलं कसब सुधारणार नाही. आज ज्या रुग्णापाशी अडलीस, तो प्रश्न वहीत लिही आणि आधी त्यावरच वाच. पेड्रो (PEDro) हा फिजिओथेरपी संशोधनाचा मोफत डेटाबेस १९९९पासून आहे. त्यात उपचारांच्या चाचण्या किती नीट केल्यात याला १०पैकी गुण दिलेले असतात, कच्चं काम लगेच ओळखू येतं.

पक्षाघातानंतरच्या लुळ्या खांद्याला मी कित्येक वर्षं डोक्यावरच्या पुलीचा व्यायाम देत होते. त्याने खांदेदुखी वाढू शकते हे वाचलं, तेव्हा रुग्णांचे ते आवळलेले ओठ आठवले. फार लागलं मनाला.

आणि महिन्यातून एकदा तरी सिनियरला तुझं काम बघायला बोलाव. रुग्णाचा हात उचलताना तू फऱ्याला, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाला, नीट आधार देतेस का, हे शेजारी उभ्या माणसालाच दिसतं.